त्रेचाळीस अप्रस्तुत उत्तरे

४ मार्च

दुकान क्रमांक अकरा, निर्गमन कक्ष, येथील परवानाधारक, बॅग-दुरुस्ती कारागीर आणि माझी पत्नी, हिस —

विमानतळ चालवणाऱ्या कंपनीने आज तुला याच संपूर्ण पदनामाने पत्र पाठवले आहे. ‘माझी पत्नी’ हे शब्द तेवढे माझे. तुला जाऊन सात आठवडे झाले, हे कंपनीस ठाऊक आहे; कारण पत्राचा विषयच ‘परवानाधारकाचे निधन’ असा आहे. तरीही आत लिहिले आहे : ‘परवानाधारकाचा मृत्यू झाल्यास परवानाधारकाने तीस दिवसांच्या आत व्यक्तिशः उपस्थित राहून तशी नोंद करावी.’ हे वाक्य मी तीन वेळा वाचले. शासकीय मुद्रणालयात अठ्ठावीस वर्षे मुद्रितशोधन केल्यामुळे छापण्यातली चूक आणि विचारातली चूक मला वेगळी ओळखता येते. ही दुसऱ्या प्रकारची आहे. तू असतीस तर हसता हसता तुझ्या हातातले दाभण खाली पडले असते. मला हसू आले नाही.

पत्र घेऊन मी दुकानांच्या व्यवस्थापकाकडे गेलो. तू ज्याला ‘इस्त्रीवाला’ म्हणायचीस तोच. आजही त्याच्या शर्टावर एक चुणी नव्हती.

“काका, बाईंचं फार वाईट झालं,” तो म्हणाला. “पण फॉर्मवर सही त्यांचीच लागते.”

“त्या येऊ शकत नाहीत.”

“हो, ते समजलं. मग ऑनलाइन करतील का?”

मी पत्रातल्या विषयाच्या ओळीवर बोट ठेवले. त्याच्याही लक्षात आले असावे. त्याने पाणी मागवले. मग त्याने जे सांगितले ते सारांशाने असे : या विमानतळाने प्रवाशांकडून आणि विमान कंपन्यांकडून किती शुल्क घ्यावे याची कमाल मर्यादा शुल्क नियामक मंडळ ठरवून देते, कारण आजवर या विमानतळाला स्पर्धक नाही असे मंडळाने मानले होते. त्याच आदेशात ‘आवश्यक सेवां’ची एक यादी आहे. त्या यादीतल्या दुकानांना कंपनी उठवू शकत नाही आणि परवाना वारसाला मिळतो. तुझे दुकान त्या यादीत आहे. परंतु सात वर्षांपूर्वी तीन तासांच्या अंतरावर दुसरे विमानतळ सुरू झाले. त्यामुळे ‘प्रवाशांना निवड आहे, आमची बाजारावर पकड नाही, सबब हे सगळे नियंत्रण उठवा’ असा अर्ज कंपनीने आता केला आहे. तो मंजूर झाला तर यादी गेली, आणि यादीबरोबर दुकान गेले.

“तिथं काय येणार?” मी विचारले.

“मसाजच्या खुर्च्या,” तो म्हणाला. “नाणं टाकलं की पाठ दाबतात.”

तिथून मी दुकानात आलो. तुझ्या शिलाई यंत्राखालच्या कप्प्यात चेनचे रनर, सुटी चाके, मेणाचा दोरा आणि नऊ वह्या होत्या. वह्यांविषयी तू मला कधी बोलली नव्हतीस. प्रत्येक ओळीत तारीख, बॅगेची तक्रार आणि गिऱ्हाइकाचे उत्तर. तू सर्वांना एकच प्रश्न विचारला होतास : ‘इथून गेला नसतात तर कुठून गेला असतात?’ सहा वर्षे. दोन हजार तीनशेहून अधिक माणसे. चाक बसेपर्यंत, चेन शिवेपर्यंत, त्यांनी उत्तरे दिली आणि तू लिहून घेतलीस.

कंपनी म्हणते, निवड आहे. तुझ्या वह्यांत माणसे म्हणतात, नाही. हे मंडळापुढे गेले पाहिजे. मंडळात तुझी धाकटी बहीण अर्थशास्त्रज्ञ आहे. मी तिला लिहीत आहे. हे पत्र तुझ्या कप्प्यात ठेवतो.

*

५ मार्च

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या ताईच्या दुकानात मला नऊ वह्या सापडल्या आहेत. त्यांतील मजकूर तुमच्या मंडळापुढे प्रलंबित असलेल्या अर्जाशी थेट संबंधित आहे, असे माझे मत झाले आहे. ही कल्पना तिला कोणी दिली, हे मी विचारत नाही. सहा वर्षांपूर्वी तू सुट्टीत आमच्याकडे आली होतीस आणि तुम्ही दोघी स्वयंपाकघरात बसून तासन्‌तास कंपनीच्या नावाने बोटे मोडत होतात, एवढे मला स्मरते.

माझे तीन प्रश्न आहेत. एक : सामान्य नागरिकास असा पुरावा सादर करता येतो काय? दोन : तो कोणत्या स्वरूपात असावा? तीन : परवाना मला मिळाल्यास दुकान चालवण्याची माझी पात्रता तपासली जाईल काय? तिसऱ्या प्रश्नाचे कारण असे, की मला शिवता येत नाही. मात्र मी शिकत आहे. काल जुन्या पिशवीला चेन बसवली. ती उलटी बसली.

उत्तर पत्रानेच पाठवावे. फोनवर बोललेले नंतर कोणी मान्य करत नाही.

*

१३ मार्च

ती. भाऊजींना सा. न.

तुमचं पत्र वाचताना मला खुर्चीवरून उठून उभं राहावंसं वाटतं. ताई म्हणायची, ‘हे घरात बोलतात तेव्हा समासही सोडतात, चारही बाजूंनी.’

वह्यांचं म्हणाल तर, हो, खोडी माझीच. तेव्हा मी चिडून म्हणाले होते, की विमानतळाची पकड आहे की नाही यावर सल्लागार चारशे-चारशे पानं लिहितात आणि एकालाही रांगेतल्या माणसाला विचारायचं सुचत नाही. ताई म्हणाली, ‘मी विचारते की. माझ्यापुढून कुणी पळू शकत नाही, बॅग माझ्या मांडीवर असते.’ मला वाटलं, गंमत करतेय. ती सहा वर्षं लिहीत राहील हे मला कसं कळावं? मला तिनं एकदाही सांगितलं नाही. आज ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन रडले.

आता तुमचे प्रश्न. पहिल्याचं उत्तर जाहीर सूचनेतच आहे : कुणीही लेखी पुरावा देऊ शकतं, शेवटची तारीख १० एप्रिल. बाकी दोन प्रश्नांवर मी एक अक्षर लिहू शकत नाही. प्रकरण मंडळापुढे आहे आणि मी मंडळाची नोकर आहे. राग मानू नका. खाण्यापिण्याकडे लक्ष द्या. आणि चेन बसवताना रनर आधी ओवायचा, मग टोकं शिवायची. हे सांगायला मला नियमाची आडकाठी नाही.

*

२ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बहिणीच्या सहा वर्षांच्या कामाविषयी एक अक्षर लिहिता येत नाही, हे वाचून मला जे वाटले ते लिहिणे सभ्यपणाचे होणार नाही. तू आता अधिकारी आहेस. अधिकाऱ्यांनी असेच लिहायचे असते. तुमच्या मंडळाचे कागद मी पुष्कळ तपासले आहेत. त्यांतही ‘संबंधितांनी नोंद घ्यावी’ याखेरीज सहसा काही नसे.

तुझ्यावाचूनही काम पार पडले आहे. ताईच्या वह्या जशा होत्या तशा कोणत्याही कचेरीत ठेवण्याजोग्या नव्हत्या. अर्ध्या ओळींत शुद्धलेखनाचा पत्ता नाही, काही ठिकाणी मशीनच्या तेलाचे डाग, एका पानावर तर बॅगेचे चित्र काढून त्याला मिशा लावल्या होत्या. मी सर्व मजकुराची मुद्रणप्रत स्वच्छ अक्षरात तयार केली. नमुना म्हणून पाहा.

मूळ : ‘निळी बॅग, चाक निखळलं. म्हणे, दुसरीकडं? तिथं पोचेपर्यंत माझं लग्न मोडेल ताई.’ शुद्ध : ‘वेळेच्या कारणास्तव पर्यायाचा अभाव.’

मूळ : ‘आजीची पेटी, कडी तुटली. म्हणे, पोरगा जिथं उतरवतो तिथं उतरते. मला कोण विचारतंय.’ शुद्ध : ‘निर्णय अन्य व्यक्तीचा. पर्यायाचा अभाव.’

एकूण दोन हजार तीनशे सोळा नोंदी. त्यांपैकी त्रेचाळीस अप्रस्तुत असल्यामुळे वगळल्या. त्यांत थट्टामस्करी किंवा ताईविषयी वैयक्तिक मजकूर होता. उरलेल्या दोन हजार दोनशे त्र्याहत्तर नोंदींचा तक्ता अठ्ठ्याण्णव पृष्ठांचा झाला. त्यात मी एकही चूक राहू दिलेली नाही.

मुद्रणालयाचा नियम तुला माहीत नसेल. अंतिम प्रत संमत झाली, की जुनी प्रुफे फाडायची. नाहीतर कोणीतरी चुकीची प्रत उचलून छपाईला देतो आणि सगळे मुसळ केरात. त्याप्रमाणे मी वह्या फाडल्या. ज्या नोंदी वगळायच्या, त्यांच्या चिठ्ठ्या कापून शंका-लिफाफ्यात ठेवायच्या असतात. त्रेचाळीस चिठ्ठ्या तशा ठेवल्या आहेत.

तक्ता काल मंडळाकडे रवाना केला. तुला कळवण्याचे कारण एवढेच, की तुझ्या ताईचे काम मी शेवटास नेले.

*

८ एप्रिल

भाऊजी,

फाडल्या? सगळ्या?

तिच्या हातच्या नऊच्या नऊ?

मला यापेक्षा जास्त लिहिता येणार नाही. तुम्हाला सुनावणीला बोलावतील. तिथं काही विचारलं तर खरं सांगा. तुम्ही सांगालच, मला तीच भीती आहे.

*

२९ एप्रिल

चि. धाकटीस,

सुनावणी काल झाली. तू सभागृहात कुठेच नव्हतीस. मागच्या रांगेतही मी पाहिले.

माझा नंबर दुपारी आला. कंपनीच्या वकीलबाई वयाने तुझ्याएवढ्या, आवाज शांत. त्यांनी माझा तक्ता हातात धरून पहिलेच वाक्य उच्चारले, “इतका नीटनेटका कागद मी कित्येक वर्षांत पाहिला नाही.” मी आभार मानले. नंतर संभाषण असे झाले. मी घरी येताच लिहून ठेवले आहे.

“यात दोन हजार माणसं एकाच भाषेत बोलतात. ‘पर्यायाचा अभाव.’ सगळेच असे बोलतात का हो तुमच्या विमानतळावर?”

“भाषा मी शुद्ध केली आहे.”

“मूळ वह्या कुठं आहेत?”

“नियमाप्रमाणे नष्ट केल्या.”

सभागृहात कोणीतरी हसले. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला.

“कुठल्या नियमाप्रमाणे?”

“मुद्रणालयाच्या.”

“बरं. काही नोंदी गाळल्या का?”

धाकटे, इथे मी ‘नाही’ म्हणू शकलो असतो. कोणालाही कळले नसते. परंतु अठ्ठावीस वर्षांत मी ‘नाही’ असे खोटे कधी लिहिले नाही, आणि तेही तुझ्या ताईच्या कामाबाबत? मी म्हणालो, “त्रेचाळीस. अप्रस्तुत होत्या.” लिफाफा माझ्या खिशात होता. त्यांनी मागितला. मी दिला.

त्यांनी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली. ताईच्या भाषेत, मी कुठे काही सुधारलेले नव्हते. ‘तपकिरी सूटकेस, चेन. म्हणे, पलीकडचं विमानतळ स्वस्त पडतं, पण तिथं बाई नाही. मी मुद्दाम इकडून जातो.’ ‘वाद्याची पेटी, बिजागरी. म्हणे, तुमच्यासाठी वाट वाकडी करून येते.’ ‘गिटारवाला पोरगा, पट्टा. म्हणे, बॅग धड आहे ताई, नुसतं बसायला आलो.’ त्यांचा आवाज वाढत गेला नाही, उलट हळू होत गेला. अशा बेचाळीस वाचून झाल्यावर त्या अध्यक्षांकडे वळल्या. “महोदय, तक्त्यातल्या उत्तरांचा मूळ आधार शिल्लक नाही. मूळ हस्ताक्षरात जे शिल्लक आहे, ते सगळं एकच सांगतं. प्रवाशांपुढं दोन विमानतळं आहेत, ते तुलना करतात, आणि सेवा चांगली म्हणून आमचं निवडतात. यालाच स्पर्धा म्हणतात.”

म्हणजे पाहा. ज्या बाईमुळे माणसे इकडे येत होती तिची चिठ्ठी दाखवून कंपनी सिद्ध करते की आपली बाजारावर पकड नाही, आणि ते सिद्ध झाले की त्याच बाईचे दुकान काढून तिथे खुर्च्या ठेवते! यात कोणाला काही विसंगत वाटले नाही. कारकुनाने ‘नोंद घेतली’ असा शिक्का मारला.

त्रेचाळिसावी चिठ्ठी वकीलबाईंनी वाचायला उचलली, थांबल्या, आणि घडी घालून माझ्या हातात परत दिली. “ही घरची दिसते,” एवढेच म्हणाल्या.

तू मला आधी एक वाक्य लिहिले असतेस तर? ‘वह्या जपून ठेवा.’ तीन शब्द, धाकटे. चेन कशी बसवावी हे लिहिण्यास तुला नियमाची आडकाठी नव्हती.

*

७ मे

ती. भाऊजींना,

तुमचं पत्र तीन दिवस उघडं टेबलावर होतं. बरोबर आहे तुमचं. तीन शब्द होते आणि मी लिहिले नाहीत. मला वाटलं होतं, वह्या कोण फाडतं? ताईच्या वह्या? जगात कुणाच्या डोक्यात आलं नसतं, फक्त तुमच्या आलं, आणि तुम्हाला तर मी बावीस वर्षं ओळखते. चूक माझीच.

आता जे लपवलं होतं ते सांगते. तुमचं पहिलं पत्र आलं त्याच दिवशी मी साहेबांना लेखी कळवलं, की या प्रकरणात माझ्या बहिणीच्या वह्या पुरावा म्हणून येणार आहेत. नियमच आहे तसा. त्यांनी मला त्या फाइलवरून काढलं. भाऊजी, ती फाइल माझी होती. पाच वर्षं मी तीच एक गोष्ट लिहीत होते, की तीन तासांवरचं विमानतळ म्हणजे पर्याय नाही. पोरं, म्हातारी, ओझं घेऊन तीन तास कुणी जात नाही. माझ्या जागी आलेल्या पोरानं ते टिपण वाचलंसुद्धा नाही, असं कानावर आहे. मी सध्या खाली रेकॉर्ड रूममध्ये जुन्या फायलींना नंबर घालते. सुनावणीला यायची मला बंदी होती. मी सगळा वेळ बाहेर रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीवर बसले होते. तुम्ही बाहेर आलात तेव्हा तुमचा टाय वाकडा होता. आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तसा. हाक मारावी वाटलं, पण कंपनीची माणसं तिथंच उभी होती.

एक सांगते, आणि हे समजुतीसाठी नाही, मी या धंद्यातली आहे म्हणून. निकाल तुमच्या लिफाफ्यावर लागणार नाही. कंपनीच्या सल्लागारांचा अहवाल चारशे बारा पानांचा आहे, त्यात नकाशे आहेत, वर्तुळं आहेत. त्या वर्तुळात ज्यांची घरं पडतात त्या सगळ्यांना ‘निवड आहे’ असं धरलंय. वर्तुळाला विचारावं लागत नाही, तू पेटी घेऊन कशी जाणार म्हणून. ताईच्या वह्या शाबूत असत्या तरी मंडळानं त्यांना ‘किस्से’ म्हटलं असतं. मी तिथं असते तर भांडले असते, एवढंच.

तुम्ही मला ‘अधिकारी आहेस’ म्हणालात, ते लागलं. ताई असती तर तिनं तुमच्याशी दोन दिवस अबोला धरला असता.

त्रेचाळिसाव्या चिठ्ठीत काय होतं? सांगायचं नसेल तर राहू द्या.

*

१९ मे

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तू रस्त्यापलीकडे होतीस, हे मला ठाऊक नव्हते. माझ्या पत्रातले ‘अधिकाऱ्यांनी असेच लिहायचे असते’ हे वाक्य मी मागे घेतो. मागे घेतलेले वाक्य लाल रेघेने खोडून समासात सही करायची असते. तुझ्याकडची प्रत पाठवलीस तर मी तसे करीन. ‘तीन शब्द’ हेही खोडीन. तुझा दोष नाही. जगात एकाच माणसाच्या डोक्यात जे येते, त्याची जबाबदारी त्या एकाचीच.

आदेश काल आला. शहाण्णव पृष्ठांचा. विमानतळाची बाजारावर निर्णायक पकड सिद्ध होत नाही; शुल्कावरची कमाल मर्यादा आणि आवश्यक सेवांची यादी रद्द. पृष्ठ एकाहत्तरवर लिहिले आहे : ‘सेवेच्या दर्जामुळे प्रवासी हे विमानतळ स्वेच्छेने निवडतात असे दिसते. उदाहरणार्थ, बॅग-दुरुस्ती.’ मी पानाच्या कडेला ‘शंका’ अशी खूण केली. ती कोणाकडे पाठवायची हे कळेना. अपील करण्याचा अधिकार फक्त बाधित पक्षांस आहे, आणि बाधित पक्ष म्हणजे विमान कंपन्या. आमच्यासारख्यांची व्याख्या पृष्ठ चारवर ‘इतर’ अशी आहे.

आदेशात मुद्रणाच्या अकरा चुका आहेत. पूर्वी असे आढळल्यावर मला समाधान वाटत असे.

दुकान एकतीस तारखेपर्यंत रिकामे करायचे आहे. यंत्र आणि हत्यारे मी घरी आणणार नाही. घरी कोणी शिवणारे नाही. तुला हवी असतील तर ठेवतो.

चिठ्ठीविषयी विचारलेस. ती ज्या व्यक्तीने लिहिली तिलाच आधी उत्तर देणे आहे. मग तुला सांगेन.

*

२३ मे

ती. भाऊजींना सा. न.

यंत्र हवं. हत्यारंही. मी रविवारी शिकेन, रेकॉर्ड रूमनं हात तसेही धुळीनं काळे झालेच आहेत. तुमची उलटी बसलेली चेनही पाठवा. ती मला पाहायचीच आहे.

प्रत पाठवत नाही. खोडू नका. रागावलेलं पत्रही घरचंच असतं.

*

३१ मे

दुकान क्रमांक अकरा, निर्गमन कक्ष, येथील परवानाधारक, हिस —

आज सकाळी साडेनऊला मी आलो. यंत्र ट्रकने धाकटीकडे रवाना झाले. ट्रॉलीवाल्याने यंत्राचे पाय स्वतः गोणपाटात बांधले आणि म्हणाला, “बाईंनी माझ्या पोरीचं दप्तर चार वेळा शिवलं, पैसे म्हणून घेतले नाहीत.” अशी माणसे दिवसभर येत राहिली. मला त्यांना काय म्हणायचे असते ते माहीत नव्हते. मी प्रत्येकाला ‘धन्यवाद’ म्हणालो. तू असतीस तर बसा म्हणाली असतीस.

दाभण, दोरा आणि डबाभर रनर मी शेवटपर्यंत बाजूला ठेवले होते, कशासाठी ते सांगता येत नाही. तीनच्या सुमारास इस्त्रीवाला किल्ल्या घ्यायला आला. त्याच्या खांद्यावरच्या बॅगेची चेन पोटाशी फाटली होती आणि आतून इस्त्री केलेल्या शर्टाची बाही बाहेर डोकावत होती.

“काका, हे होईल का आज?” तो ओशाळून म्हणाला. “प्रवासाला निघायचंय.”

मी स्टुलावर बसलो आणि बॅग मांडीवर घेतली. रनर आधी ओवला, टोके नंतर शिवली. बावीस मिनिटे लागली. तुला सहा लागली असती. चेन सरळ बसली. बॅग हातात असतानाच मी त्याला विचारले, “इथून गेला नसतात तर कुठून गेला असतात?”

तो इकडेतिकडे पाहून हलक्या आवाजात म्हणाला, “खरं सांगू काका? विमानानं कुठं जायचंय मला! पलीकडच्या विमानतळावर नोकरीसाठी अर्ज केलाय. मुलाखत आहे. इथं आता कुणाचं काही खरं नाही.”

तो जसे म्हणाला तसेच मी लिहून घेतले. एक अक्षर बदलले नाही.

आता तुझी त्रेचाळिसावी चिठ्ठी. तू लिहिले आहेस : ‘घरचे गिऱ्हाईक. तक्रार, मी चष्मा विसरले तो आणून दिला. विचारलं, साहेब, इथं आला नसतात तर कुठं गेला असतात? म्हणाले, मी प्रवासी नाही, प्रश्न गैरलागू आहे. (पण दोन बस बदलून आले होते. घाम पुसत होते.)’

मला तो दिवस आठवला. रांगेत तीन गिऱ्हाइके होती, ती हसली, तूही हसलीस, आणि मला वाटले माझी चेष्टा होते आहे. मी चष्मा टेबलावर ठेवून ताबडतोब परत फिरलो. तू ‘बसा ना’ म्हणालीस ते मी ऐकले होते. वह्यांची मुद्रणप्रत करताना ही नोंद पुन्हा समोर आली तेव्हाही मी तिच्यावर ‘अप्रस्तुत’ असे लिहून कात्री चालवली.

दोन हजार दोनशे त्र्याहत्तर माणसांच्या तोंडी मी ‘पर्यायाचा अभाव’ हे शब्द घातले. ते माझ्या बाबतीत खरे नव्हते. त्या दिवशी शेजारच्यांकडून चष्मा पाठवता आला असता. तू चष्म्यावाचून दिवस काढू शकली असतीस. मला वाचनालयात जायचे होते, ते घरापासून पाच मिनिटांवर आहे. पर्याय होते. ते सर्व सोडून मी दोन बस बदलून तुझ्याकडे आलो होतो, आणि बसलो नाही. हे माझे दुरुस्त उत्तर आहे. मूळ उत्तर खोडलेले नाही, त्याच्या खाली लिहिले आहे. चिठ्ठी फाडणार नाही.

इस्त्रीवाला बाहेर थांबला होता. मी आत तुझ्या स्टुलावर थोडा वेळ बसलो.

चार वाजून दहा मिनिटांनी दिवा बंद केला, दार लावले, कुलूप घातले आणि दोनदा ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या व्यवस्थापकाच्या हाती परत केल्या.